पायाची आग थांबली म्हणजे गुण आला असं नाही! शुगरमुळं कातडीतले मज्जातंतू मरतात कसे, परत वाढतात कसे?

शुगरच्या माणसाच्या पायाला आधी मुंग्या येतात. मग रात्री तळपायाची आग सुरू होते. चादर पायाला घासली तरी सहन होत नाही, पाय पांघरुणाबाहेर काढून झोपावं लागतं. दोन-चार वर्षं अशी जातात आणि मग कधीतरी लक्षात येतं की आग कमी झाली आहे. घरातले म्हणतात, चला, गुण आला.

बऱ्याच जणांची फसगत इथंच होते. आग कमी होण्याचं कारण औषध असू शकतं, शुगर आटोक्यात आली हेही असू शकतं. पण तिसरं एक कारण असतं आणि ते कोणी सांगत नाही. दुखणं मेंदूपर्यंत पोचवणारे मज्जातंतूच मेलेले असतात. वायर जळाल्यावर घंटा वाजायची बंद होते, म्हणून दारात कोणी आलेलं नाही असं होत नाही. असा माणूस पुढं अनवाणी रानात जातो, पायात काटा मोडतो आणि त्याला ते कळतच नाही. आठ दिवसांनी चप्पल ओली लागते तेव्हा घरातलं कोणीतरी पाय उलटा करून बघतं. तोवर आत पू झालेला असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. त्यानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, असं म्हणायचे दिवस कधीच संपले. शुगर ग्रामीण भागात आली, पण पाय बघायची सवय तिच्याबरोबर आली नाही.

नस वेगळी, मज्जातंतू वेगळा

आपल्याकडं सगळ्यालाच 'नस' म्हणतात. नस दबली, नस आखडली, नसेत रक्त साचलं. त्यामुळं गोंधळ होतो. रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी. स्पर्श, दुखणं, गरम-थंड यांचा निरोप नेतो तो मज्जातंतू. रक्तवाहिनी पाइपासारखी, मज्जातंतू वायरसारखा. शुगर दोन्हींना त्रास देते, पण मुंग्या, आग आणि बधिरपणा हे मज्जातंतूचं दुखणं आहे. मणक्यात नस दबल्यावरही पायाला मुंग्या येतात, पण त्या बहुतेकदा एकाच पायात, कमरेतून खाली उतरणाऱ्या असतात. शुगरच्या मुंग्या दोन्ही पायांना, बोटांच्या टोकापासून सुरू होतात आणि मोजा चढवल्यासारख्या हळूहळू वर सरकतात. गुडघ्याच्या जवळपास पोचल्या की मग हाताच्या बोटांना सुरुवात होते.

टोकापासूनच का, हे समजून घेण्यासारखं आहे.

पायाच्या अंगठ्याच्या कातडीत जो मज्जातंतू संपतो, त्याची मूळ पेशी पायात नसते. ती असते कमरेच्या मणक्याशेजारी. तिथून एक अति बारीक धागा निघतो आणि न तुटता थेट अंगठ्यापर्यंत येतो. उंच माणसात हा धागा मीटरभर लांब भरतो. धाग्याला लागणारा सगळा माल, म्हणजे प्रथिनं आणि इतर दुरुस्तीचं सामान, मुख्यतः त्या मूळ पेशीत तयार होतो आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो.

ज्यांचं रान कालव्याच्या टेलला आहे त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. कालव्याला पाणी कमी सुटलं, मधे गळती झाली, की पहिलं कोरडं पडतं ते टेलचं रान. मुखाजवळच्याला काही जाणवतही नाही. शरीरातही तसंच होतं. वाढलेली साखर मज्जातंतूच्या पेशीत शिरते, तिथं तिचे नको ते पदार्थ बनतात, पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बिघडते. मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, त्यामुळं रसद आणखी घटते. सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं आणि टोकाकडून मागं वाळत येतं. शेंड्यापासून झाड वाळत यावं तसं.

सगळे मज्जातंतू सारखेही नसतात. जाडसर असतात त्यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं. कंप, तोल आणि नेहमीच्या स्पर्शाचं काम त्यांचं. पातळ असतात त्यांच्यावर वेष्टण एकतर अगदी थोडं किंवा अजिबात नसतं. दुखणं आणि गरम-थंड ओळखायचं काम यांचं. हे पातळ धागे कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात उघडे घुसलेले असतात आणि बऱ्याच रुग्णांत पहिला मार त्यांनाच बसतो. घाम आणणारे धागेही याच जातीचे. ते गेले की पायाला घाम यायचा बंद होतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात. टाचेच्या भेगा कोणाला पडत नाहीत, पण शुगरच्या माणसाची भेग म्हणजे जंतूंना उघडं दार.

मोजणी होते कशी

पूर्वी डॉक्टरांकडं मज्जातंतू तपासायचं मुख्य साधन म्हणजे विजेचा हलका झटका देऊन निरोप किती वेगानं जातो ते मोजणं. पण त्यात फक्त जाड मज्जातंतू कळतात. पातळ धागे मेलेले असतानाही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. माणूस म्हणतो आग होते, कागद म्हणतो काही नाही, आणि मग मनाचे खेळ म्हणून त्याला घरी पाठवलं जातं. असे कितीतरी जण अजूनही फिरत असतात.

1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसरी पद्धत पक्की झाली. जागा बधिर करून गोल पात्यानं कातडीचा 3 मिलीमीटरचा तुकडा काढायचा, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. टाका घालावा लागत नाही. जागा ठरलेली, घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून 10 सेंटीमीटर वर. गरज असेल तर दुसरा तुकडा मांडीवरून. त्या तुकड्याचे पातळ काप करतात, खास रसायनानं मज्जातंतू रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या एका मिलीमीटरमध्ये किती धागे वर घुसले आहेत ते चक्क मोजतात. रोपं मोजावीत तसे. वयानुसार आकडा खाली येतो, म्हणून त्या वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करतात.

शुगरच्या माणसात घोट्याजवळ हा आकडा पडलेला दिसतो आणि मांडीवर बरा असतो. टेल आधी कोरडं, मुखाला अजून पाणी. एवढंच नाही. ज्यांना पूर्ण मधुमेह झालेलाही नाही, फक्त उंबरठ्यावर आहेत, अशांपैकीही काहींच्या कातडीत हे धागे विरळ झालेले सापडले. म्हणजे 'थोडीशी शुगर आहे, गोळी लागत नाही' असं सांगणाऱ्याचे पायही बघायला हवेत. हा कातडीचा तुकडा काढायची तपासणी मोठ्या शहरातल्या मोजक्या ठिकाणीच होते आणि प्रत्येकाला तिची गरजही नसते. पण हे धागे परत वाढतात का, या प्रश्नाचं उत्तर तिच्यामुळंच मिळालं.

मिरचीनं दिलेलं उत्तर

मिरची तोडणाऱ्या, कांडणाऱ्या बायांना हाताची आग काय असते ते माहीत आहे. मिरचीतला तिखटपणा ज्या पदार्थामुळं येतो त्याचं नाव कॅप्सेसिन. हा पदार्थ कातडीला प्रत्यक्षात भाजत नाही. उष्णता ओळखणाऱ्या पातळ मज्जातंतूंवर एक दार असतं, ते दार तो उघडतो आणि मेंदूला वाटतं की भाजलं. हे दार शोधून काढणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

कॅप्सेसिन जास्त वेळ लावून ठेवलं तर ते पातळ धागे कातडीच्या वरच्या थरातून तात्पुरते नाहीसे होतात. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी याचाच उपयोग केला. मायकेल पॉलिडेफ्किस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसं आणि मधुमेही यांच्या मांडीवर कॅप्सेसिनचं मलम लावून वरून पट्टी बांधली. तेवढ्या जागेतले धागे गेले. मग ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा कातडीचे बारके तुकडे घेऊन धागे किती परत आले ते मोजलं. पीक कापून रान मोकळं करायचं आणि उगवण कशी होते ते बघायचं, असा हा प्रकार. निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले.

निरोगी माणसात धागे काही महिन्यांत परत आले. मधुमेहींमध्येही आले, पण संथ. ज्यांचे मज्जातंतू आधीच बिघडले होते त्यांच्यात वेग खूपच मंद. यापेक्षा महत्त्वाचं असं की ज्या मधुमेहींना पायाचा कसलाच त्रास नव्हता, तपासणीतही दोष नव्हता, त्यांचाही वाढीचा वेग निरोगी माणसापेक्षा कमीच भरला. म्हणजे मुंग्या येण्याच्या आधीच दुरुस्तीचं खातं ढिलं पडलेलं असतं. शरीरात मोडतोड रोज होते आणि दुरुस्तीही रोज होते. दुरुस्ती मागं पडली की तूट साचत जाते, सोसायटीच्या व्याजासारखी. मुंग्या येतात तेव्हा ती थकबाकी बरीच वाढलेली असते.

त्याच ठिकाणी पुढं झालेल्या अभ्यासात कातडीची छोटी जखम भरताना काय होतं ते पाहिलं गेलं. तिथं मज्जातंतूचे धागे, धाग्यांना आधार देणाऱ्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या या तिन्हींची वाढ मधुमेहींमध्ये मागं पडली होती. नुसतं बी चांगलं असून भागत नाही, पाणी आणि मंडपही लागतो.

(हे वाचून कोणी पायाला मिरची चोळू नये. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. कॅप्सेसिनची औषधी पट्टी परदेशात पायाच्या आगीवर वापरतात, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.)

मग वाढ वेगानं करता येते का?

सोपा मार्ग आधी शोधून झाला. मज्जातंतूंना वाढायला लावणारा एक पदार्थ शरीरातच असतो. इटलीत जन्मलेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी 1950 च्या दशकात तो दाखवून दिला आणि 1986 मध्ये त्यांना व स्टॅन्ली कोहेन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कातडीच्या पेशी हा पदार्थ बनवतात, त्याच्या ओढीनं पातळ धागे तग धरून राहतात. मधुमेहींच्या कातडीत तो कमी पडतो. मग बाहेरून टोचून बघू, असं ठरलं. 1,019 रुग्णांवर 48 आठवडे मोठी चाचणी झाली. 2000 साली निकाल आला. फायदा नाही. टोचल्या जागी दुखणं मात्र झालं.

मोबाईलवर दर दोन मिनिटांनी 'नसा मोकळ्या करणारं तेल' आणि 'सात दिवसांत बधिरपणा गायब' अशा जाहिराती येतात, त्या बघताना ही चाचणी आठवावी. जगातल्या मोठ्या कंपन्यांना पैसा ओतून जमलं नाही, ते शंभर-दीडशे रुपयांच्या बाटलीत भरून कोणी विकत असेल असं मानायला कारण नाही. तेलानं मालिश केल्यावर बरं वाटतं, कातडी मऊ राहते, तेवढा उपयोग आहे. मज्जातंतू त्यानं उगवत नाही.

डॉक्टर प्रीगॅबॅलिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशा गोळ्या देतात. त्यांनी आग कमी होते, झोप लागते आणि ज्याची झोप उडालीय त्याला ती मोठी गोष्ट आहे. पण या गोळ्या निरोपाचा आवाज कमी करतात, वायर दुरुस्त करत नाहीत. ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आग थांबली म्हणून तो शुगरची गोळीही सोडतो.

आता जे चाललं ते. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि पायाचा त्रास सुरू झालेल्या 32 जणांना वर्षभर खाण्याचं पथ्य आणि व्यायाम लावून दिला. उद्दिष्ट साधं होतं: वजन सात टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. 2006 मध्ये निकाल आला. मांडीच्या कातडीतले धागे वाढले आणि दुखणं कमी झालं. घोट्याजवळ मात्र वाढ अगदी किरकोळ. इथंही मुखाजवळ आधी हिरवं झालं, टेलला उशीर. 2012 मध्ये कॅन्सस विद्यापीठात त्रास असलेल्या 17 मधुमेहींनी फक्त 10 आठवडे देखरेखीखाली व्यायाम केला, तर त्यांच्या कातडीतल्या धाग्यांना नव्या फांद्या फुटलेल्या दिसल्या.

हे दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळं त्यावर फार मोठा इमला उभा करू नये. पण 2014 मध्ये यूटाच्याच डॉक्टरांनी तुलना करूनही पाहिलं. पायाचा त्रास अजून सुरू न झालेल्या मधुमेहींचे दोन गट केले. एका गटाकडून वर्षभर व्यायाम करून घेतला, दुसऱ्याला फक्त सल्ला दिला. व्यायाम करणाऱ्यांच्या घोट्याजवळचे धागे वाढले, नुसता सल्ला घेणाऱ्यांचे वाढले नाहीत. म्हणजे लवकर सुरुवात केली तर टेललाही पाणी पोचतं.

'आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम' असं इथं कोणीही म्हणेल. ज्या बाया दिवसभर खुरपतात त्यांना ते म्हणायचा हक्क आहे. पण खरं सांगायचं तर आता पेरणीला ट्रॅक्टर, फवारणीला पंप, पाण्याला मोबाईल स्टार्टर आणि रानात जायला मोटारसायकल. खळ्यावर बसून देखरेख करणं म्हणजे राबणं नव्हे. दम लागेल असं सलग अर्धा तास चालणं किती जणांचं होतं, ते ज्यानं त्यानं मोजावं.

शुगर ताब्यात ठेवण्याचा फायदा किती? इन्सुलिनवर जगणाऱ्या, म्हणजे टाइप 1 प्रकारच्या 1,441 रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात 1983 ते 1993 अशी मोठी चाचणी झाली. काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात मज्जातंतूंचा आजार 60 टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडं जास्त आढळतो तो चाळिशीनंतरचा टाइप 2. त्यात नुसत्या शुगर नियंत्रणानं मज्जातंतूंना मिळणारा फायदा यापेक्षा बराच कमी दिसतो, कारण तिथं वजन, रक्तातली चरबी, ब्लड प्रेशर आणि तंबाखू हेही मज्जातंतूंच्या मुळावर आलेले असतात. म्हणून या प्रकारात फक्त शुगरचा आकडा बघून समाधान मानू नये.

शुगर उतरली आणि पाय जास्तच दुखू लागले

असंही घडतं आणि त्यातून नुकसान होतं. कित्येक वर्षं शुगर बेफाम वाढलेली असते, मग इन्सुलिन सुरू होतं, दोन-तीन महिन्यांत आकडा झपाट्यानं खाली येतो आणि पायाची आग अचानक भडकते. माणूस म्हणतो, इन्सुलिनच बाधलं, आणि बंद करून टाकतो. फार वेगानं शुगर उतरली की असा त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत आहे. बहुतेकांत तो पुढच्या काही महिन्यांत हळूहळू ओसरत जातो. अशा वेळी इन्सुलिन आपल्या मनानं सोडायचं नाही. डॉक्टरला सांगायचं, ते शुगर उतरवायचा वेग बदलतात आणि दुखण्यावर औषध देतात.

दुसरी अशीच सुटून जाणारी गोष्ट म्हणजे बी-12. मेटफॉर्मिन ही शुगरची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी. चांगली आहे, स्वस्त आहे, सोडायची नाही. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या शरीरातलं बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. ते कमी झालं तरी पायाला मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो, अगदी शुगरसारखाच. माळकरी, शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. ही रक्ताची एक तपासणी आहे आणि उपाय साधा आहे. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरला स्वतःहून विचारावं.

अंगावर एखादाच चट्टा बधिर असेल, तिथं घाम येत नसेल, केस गळाले असतील, तर ते शुगरचं लक्षण नाही. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि तो पूर्ण बरा होतो.

घरात दोन मिनिटांची तपासणी

इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरातलं दुसरं एक माणूस लागतं.

ज्याला शुगर आहे त्यानं पाय मोकळे करून आडवं व्हायचं, डोळे मिटायचे. दुसऱ्यानं आपल्या बोटाच्या टोकानं त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अलगद स्पर्श करायचा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की त्यानं 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशी सहा बोटं तपासायची. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं, डावं मधलं. एका बोटाला एकदाच. कळलं नाही म्हणून पुन्हा लावून बघायचं नाही.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्या पायाची राखण गेलेली आहे असं धरून चालायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. दवाखान्यात ते नायलॉनच्या तारेनं आणि कंप पावणाऱ्या चिमट्यानं पक्की तपासणी करतात. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा पाय डॉक्टरला दाखवावेत.

राखण गेलेल्या पायाची राखण

कुष्ठरोगाच्या माणसाची बोटं झडतात, सडतात, असं पूर्वी सगळेच मानत. तमिळनाडूत वेल्लोरला 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते खोटं ठरवलं. बोटं आपोआप झडत नव्हती. दुखणं कळत नसल्यानं गरम भांडं हातात धरलं जायचं, जखमेवर तसंच चाललं जायचं, रात्री झोपेत उंदीर कुरतडायचे, आणि अशा रोजच्या इजांनी बोटं जायची. त्यांनी रुग्णांना रात्री मांजर सोबत ठेवायला लावलं, असं ते सांगत. पायासाठी मऊ रबराच्या चपला तिथंच तयार झाल्या. आज एमसीआर चप्पल म्हणून मिळते ती याच घराण्यातली. पुढं अमेरिकेत गेल्यावर ब्रँड यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायाला लावलं. शुगरचा पायसुद्धा बहुतेक वेळा अशाच न कळलेल्या इजेतून जातो.

ग्रामीण भागात या इजा रोजच्याच आहेत. तुरीचं धसकट, बाभळीचा काटा, पाचटातून अनवाणी चालणं, भर दुपारी तापलेल्या देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा, सायलेन्सरचा चटका, पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात सोडलेले पाय. उंदरानं कुरतडल्याच्या घटना मधुमेहींमध्येही भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत.

अनवाणी राहायचं नाही, घरातही. चप्पल घालण्याआधी उलटी झटकायची, आतून हात फिरवायचा, खिळा वर आला आहे का बघायचं. पाणी पायानं नाही, कोपरानं जोखायचं, किंवा घरातल्या दुसऱ्यानं. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. टाचेला तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, बेचक्यांत लावायचं नाही. भोवरी, कुरूप घरी ब्लेडनं कापायचं नाही, हे काम गावात फार चालतं आणि फार पाय घालवतं. रोज रात्री तळवा बघायचा. वाकता येत नसेल तर मोबाईलनं तळव्याचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. वारीला किंवा देवाला अनवाणी जायचा नवस असेल तर आधी वरची सहा बोटांची तपासणी करावी आणि मग घरातल्या कर्त्या माणसानं ठरवावं. विठ्ठल चप्पल घातलेल्यालाही ओळखतो.

जखम झाली की दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. दोन दिवसांत सुकायला लागली नाही, लाली पसरली, वास आला, काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि एक लक्षण फारसं कोणाला माहीत नसतं: जखम नाही, फारसं दुखतही नाही, पण एकच पाय सुजून लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागतो. आत हाडं खचत असल्याची ती खूण असू शकते. अशा पायावर भार देऊन चालायचं नाही, लगेच दाखवायचं.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर आणि ब्लड प्रेशरची तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. आशाताई त्यासाठीच घरोघरी फॉर्म भरून घेतात, त्यांना 'आम्हाला काही नाही' म्हणून परत पाठवू नये. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांची ओपीडी असते. तिथं गेल्यावर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन लगेच उठायचं नाही. चप्पल काढायची आणि 'डॉक्टर, पाय बघा' म्हणायचं. गर्दीत ते विसरतात, आपण विसरू नये.